नाना, घाशीराम आणि झुलती भिंत

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. योगी चांगदेवांच्या नावाचे प्राचीन मंदिर तेथे उभे आहे. तेथून जवळच मेहूण-कोथळीच्या परिसरात मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. गुरू आणि शिष्य यांची स्थाने इतकी शेजारी असावीत, हा योग महाराष्ट्रात विरळाच म्हणावा लागेल. या दोघांच्या भेटीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. योगबळाने चौदाशे वर्षे काळाला हुलकावणी दिलेले चांगदेव वाघावर स्वार होऊन, सर्पाचा चाबूक हाती धरून आणि शिष्यांचा लवाजमा मागे घेऊन आळंदीस निघाले. समाजाने वाळीत टाकलेली चार भावंडे ज्या भिंतीवर बसली होती, ती भिंतच या स्वारीला सामोरी चालू लागली. सामर्थ्याचे प्रदर्शन मांडणाऱ्या योग्याचा गर्व तेथे उतरला आणि पुढे वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंचे शिष्यत्व त्याने पत्करले.

या कथेचा चमत्कार बाजूस ठेवला, तरी तिचा अर्थ उरतोच. वैभवाच्या मिरवणुकीला उत्तर द्यायला वैभवच लागते असे नाही. ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांच्या बैठकीची भिंतही ते उत्तर देऊ शकते, असा विश्वास लोकमानसाने या कथेत साठविला आहे. मराठी रंगभूमीवर मात्र विसाव्या शतकात एक दुसरी भिंत अवतरली आणि तिने नेमकी उलट गोष्ट सांगितली. ती भिंत जिवंत माणसांची होती. ती गात होती, टाळ वाजवीत होती, डोलत होती आणि सत्तेची कृष्णकृत्ये आपल्या पाठीआड झाकून ठेवीत होती. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकातील ही भिंत होय. कला आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु हा संबंध प्रेक्षकाच्या अंगावर येईल अशा रीतीने याच नाटकाने मांडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'घाशीराम'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने तो सादर केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. डॉ. मोहन आगाशे यांनी नाना फडणवीस आणि रमेश टिळेकर यांनी घाशीराम उभा केला. कथानक थोडक्यात असे आहे. उत्तरेकडून पोटासाठी पुण्यात आलेला घाशीराम सावळदास हा ब्राह्मण प्रथम गुलाबीच्या कोठ्यावर नाचतो. पुढे चोरीच्या खोट्या आळाखाली त्याला मारहाण होते आणि त्याची विटंबना केली जाते. सूडाने पेटलेला हा माणूस आपली कोवळी मुलगी गौरी नानांच्या वासनेला अर्पण करतो आणि त्या मोबदल्यात पुण्याची कोतवाली मिळवितो. मग तो शहरावर जुलूम मांडतो. नानांना हे हवेच असते. कारण पापे त्यांची आणि बदनामी कोतवालाची, अशी ही सोयीची वाटणी असते. अखेरीस परप्रांतीय ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, जमाव खवळतो आणि नाना त्याच घाशीरामाला निर्विकारपणे जमावाच्या हाती देतात.

या नाटकाचा खरा नायक नाना नव्हे आणि घाशीरामही नव्हे. तो मान रंगमंचावर रांगेने उभ्या असलेल्या ब्राह्मणांच्या त्या भिंतीचा आहे. हीच माणसे क्षणात कीर्तनाचे श्रोते होतात, क्षणात बावनखणीतील गिऱ्हाइके होतात आणि दुसऱ्या क्षणी पाठमोरी उभी राहून पलीकडे जे चालले आहे ते दिसू देत नाहीत. ती कोणावर स्वतः अत्याचार करीत नाहीत. केवळ ताल धरतात. एखादी किंकाळी उठली, तर तिच्यावर अभंगाचा स्वर चढवितात. शेवटी दगड हाती घ्यायलाही हीच माणसे पुढे असतात. कलेच्या साहाय्याने सत्ता काय साधते, हे या रचनेत जितके स्पष्ट होते, तितके एखाद्या दीर्घ प्रबंधातही होणार नाही.

ज्या प्रदेशातून दरवर्षी मुक्ताईची पालखी पंढरीची लांबची वाट चालू लागते, जेथे कीर्तन-भजनाचा सप्ताह हा गावाच्या जीवनाचा भाग आहे आणि जेथे वहीगायनासारखा लोकप्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथील प्रेक्षकाला या नाटकाचा धक्का अधिक जाणवावा. कारण तेंडुलकरांनी येथे वापरलेले सारे साहित्य आपल्याच घरचे आहे. गणपतीचे नमन आहे, सूत्रधार आहे, कीर्तन आहे, लावणी आहे, दशावताराचा आणि तमाशाचा थाट आहे. मात्र या नाटकात कीर्तनाचा स्वर नकळत लावणीत मिसळतो आणि देवापुढे हात जोडून उभा असलेला सत्ताधीश तेथेच मुलीवर नजर टाकतो. कीर्तन खोटे आहे, असे नाटककाराला म्हणावयाचे नाही. ज्या स्वराने माणसाला जागे करावयाचे, त्याच स्वराने त्याला गुंगीही आणता येते, एवढेच तो दाखवितो. स्वर कोणाच्या बाजूने लागला आहे, हे ओळखण्याची जबाबदारी ऐकणाराची आहे.

आता इतिहासाचा प्रश्न. घाशीराम सावळदास ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. पेशवाईत तो पुण्याचा कोतवाल होता आणि नानांचा त्याच्यावर विश्वास होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत डांबले, त्यांतील कित्येक गुदमरून मेले आणि प्रक्षुब्ध लोकांनी त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास आहे. १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी याच कोतवालाच्या नावाने एक पुस्तकही लिहिले होते. परंतु गौरी आणि नाना यांचा सौदा, गुलाबीचा कोठा, सूडाची प्रतिज्ञा ही सारी नाटककाराची रचना आहे. तेंडुलकरांनी हे लपविले नाही. आपले नाटक ऐतिहासिक नव्हे, एका विशिष्ट सामाजिक परिस्थितीतून घाशीराम कसे जन्माला येतात हे आपल्याला पाहावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले गेले, ते सर्वच दुराग्रही होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर बारभाईंच्या कारस्थानातून मराठी राज्य सावरणारा आणि १८०० साली मृत्यू येईपर्यंत इंग्रजांना ओळखून असलेला मुत्सद्दी म्हणून नाना फडणविसांचे स्थान मोठे आहे. असा पुरुष रंगमंचावर केवळ विषयलंपट म्हणून वावरताना पाहून ज्यांना क्लेश झाले, त्यांची वेदना खोटी नव्हती. सबंध एका जातीची ही हेटाळणी आहे, असेही अनेकांना वाटले. आपला खानदेश तर इतिहासाच्या साधनांबाबत विशेष हळवा असावा, असाच आहे. अस्सल कागदपत्रांच्या शोधात आयुष्य वेचणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. दप्तराचा आधार नसलेले विधान करू नये, ही त्यांची शिस्त होती. त्या शिस्तीने पाहिल्यास 'घाशीराम' परीक्षेत उतरणार नाही, हे उघड आहे.

परंतु दप्तराची कसोटी दप्तराला लावावी. नाटकाला लावावयाची कसोटी वेगळी आहे. काय घडले, हे कागद सांगतो. असे घडते तेव्हा भोवतालची माणसे काय करीत असतात, हा नाटकाचा विषय आहे. आपल्या ऐतिहासिक नाटकांची परंपराच पाहावी. शूर सरदार, स्वामिनिष्ठ सेवक आणि तेजस्वी संवाद यांनी नटलेल्या कित्येक नाटकांत लेखकाने कागदाचा आधार सोडून मनसोक्त भर घातली आहे. त्या भरीबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. कल्पित प्रसंगाने पूर्वजांचा गौरव होत असेल, तर तो चालतो. त्याच प्रसंगाने प्रश्न उभा राहत असेल, तर मात्र पुराव्याची मागणी होते. यावरून आक्षेपाचे मूळ इतिहासप्रेमात किती आणि वर्तमानाच्या भीतीत किती, याचा अंदाज करता येतो.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. एकोणीस प्रयोगांनंतर हे नाटक बंद झाले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, ते सरकारी हुकमाने बंद झाले नाही. ज्या संस्थेने ते रंगमंचावर आणले होते, त्या संस्थेनेच ते थांबविले. नाटकाशी संबंधित तरुण कलावंत तेथून बाहेर पडले, १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० मध्ये हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा परदेशात महाराष्ट्राची बदनामी होईल, या कारणाने पुन्हा गदारोळ उठला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नाटक ऐतिहासिक नाही आणि नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते, असे निवेदन प्रयोगाआधी वाचून दाखवावे, असा तोडगा निघाला आणि दौरा पार पडला. निवेदन ऐकून झाल्यावर पडदा वर जात असे आणि तीच भिंत पुन्हा डोलू लागत असे. नाटकातल्या उपरोधाला वास्तवाने घातलेली ही जोडच होती.

सत्ता नाटकाला का भिते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली होती. परंतु कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या जागी अवमानित देश, युधिष्ठिराच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल, हा अर्थ प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावा लागला नाही. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटक चालू असताना जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर १९१० च्या आरंभी सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. त्यासाठी वापरलेला कायदा १८७६ चा होता. बंगाली रंगभूमीवर राज्यकर्त्यांची थट्टा होऊ लागली, म्हणून तो करण्यात आला होता.

परंतु बंदी हा सत्तेचा सर्वांत ढोबळ मार्ग आहे. त्याहून सूक्ष्म मार्ग आश्रयाचा. पेशवाईत रमण्यात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी त्या निधीचे रूप बदलून पुस्तकांना पारितोषिके देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी चालविली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. एका अडाणी कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाने कसे लुबाडले जाते, हा त्याचा विषय होता. कमिटीने ते नाकारले. कोणी बंदी घातली नाही, कोणी खटला भरला नाही, कोणी दगड मारला नाही. तरीही ते नाटक छापील स्वरूपात लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. आश्रय देणाऱ्याने केवळ नकार दिला, की एका कृतीला सव्वाशे वर्षे मूक ठेवता येते.

परदेशातही वेगळे घडलेले नाही. मिखाईल बुल्गाकोव्ह या रशियन लेखकाने फ्रान्समधील नाटककार मोलियेर आणि राजा चौदावा लुई यांच्यावर नाटक लिहिले. राजाश्रयावर जगणारा कलावंत धर्मसत्तेच्या रोषाला बळी पडतो आणि राजा त्याला सोडून देतो, अशी ती कथा होती. वर्षानुवर्षे रखडून ते १९३६ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणले आणि 'प्रावदा'ने टीका करताच सात प्रयोगांनंतर ते बंद पडले. सतराव्या शतकातील पॅरिसची गोष्ट विसाव्या शतकातील मॉस्कोला झोंबली, याचे कारण सांगावयास नको. बुल्गाकोव्हला दुसरी संस्था काढण्याची मोकळीक नव्हती. पुण्याच्या तरुणांना ती होती. सात प्रयोगांवर संपणारे नाटक आणि एकोणीस प्रयोगांनंतर नव्याने उभे राहणारे नाटक, यांतील अंतर हेच लोकशाहीचे मोल होय.

अर्थात राजकारणाच्या जवळ गेलेली कला लाचारच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९३६ च्या डिसेंबरात याच जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना पाचारण केले आणि त्यांनी बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून ती नगरी उभी केली. तेथे कलावंत राजकारणाला मिळाला तो आपल्या श्रद्धेने. त्याने दरबार सजविला नाही. खेडुताच्या हातच्या वस्तूंना प्रतिष्ठा दिली. म्हणजे प्रश्न कलेने राजकारणापासून दूर राहावे की नाही, हा नाहीच. कला कोणाला दिसते करते आणि कोणाला झाकते, हा खरा प्रश्न आहे.

१८७६ चा तो कायदा केंद्राने २०१८ मध्ये अखेर रद्द केला. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ मात्र अजून आहे आणि संहिता त्याच्याकडे आधी द्यावी लागते. तथापि आपल्या छोट्या गावांत नाटकाचे भवितव्य या मंडळापुढे ठरते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ते ठरते शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी संहिता निवडताना, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब मांडताना, राज्य नाट्यस्पर्धेसाठी तालमीची जागा मागताना. 'हे नको, उगाच कोणाला वाईट वाटेल,' असे एखादे सौम्य वाक्य तेथे उच्चारले जाते आणि विषय संपतो. ते वाक्य उच्चारणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याला नोकरी असते, संसार असतो, बदलीची चिंता असते. पण 'घाशीराम'मधील भिंतही दुष्ट माणसांची नव्हती. ती अशाच सभ्य, संसारी, ताल धरणाऱ्या माणसांची होती, म्हणूनच ती इतकी भक्कम होती.

याचा अर्थ प्रत्येकाने उठून बंड करावे, असा नाही. शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने आपापल्या जागी करण्याजोगी गोष्ट त्याहून साधी आहे. एखाद्या नाटकाविषयी ओरड झाली, तर ते आधी वाचावे वा पाहावे. त्यातील इतिहास चुकला असेल, तर कागद पुढे करून ते सांगावे आणि दप्तरांची शिस्त विद्यार्थ्यांनाही शिकवावी. नाटक आवडले नाही, तर तसे स्पष्ट लिहावे. परंतु ते होऊच नये, या मागणीत आपला आवाज मिसळू नये आणि दुसरे कोणी ते बंद पाडीत असता पाठमोरे उभे राहू नये. नाना फडणविसांचे मोठेपण इतके तकलादू नाही, की एका नाटकाने ते ढासळावे. आणि ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या मोठेपणाची खात्री असते, त्याला त्यांच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची भीती वाटत नाही.

तेंडुलकर २००८ मध्ये गेले. त्यांच्या नाटकातील कोतवाल दगडांखाली मरतो आणि त्याच्या मृत्यूनंतर नाना शांतपणे उत्सव जाहीर करतात. जमाव पुन्हा नाचू लागतो. घाशीराम गेला, पण घाशीराम घडविणारी व्यवस्था तशीच राहिली, हे नाटककार कोणत्याही पात्राच्या तोंडून सांगत नाही. ते तो प्रेक्षकावर सोपवितो. प्रेक्षकाचे काम टाळ्या वाजवून संपत नाही, ते येथे सुरू होते. बाहेर पडताना त्याच्या ओठांवर त्या गाण्याची चाल रेंगाळत असते. ती गुणगुणत असतानाच आपणही त्या रांगेत उभे होतो की काय, ही शंका ज्याला चाटून जाईल, त्याच्यापुरता हा प्रयोग सार्थकी लागला.